परत येणे आणि पुन्हा निघणे

अवकाशात जाणारे यान एकदा वापरून टाकून द्यावे की परत आणून पुन्हा उडवावे, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु त्यात थोडे खोल शिरले की पदार्थविज्ञान, कारखानदारी, सार्वजनिक खर्च आणि मानवी सुरक्षितता हे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले दिसतात. अग्निबाण साधारणतः अनेक टप्प्यांचा असतो. टप्पा म्हणजे स्वतःची इंजिने आणि टाक्या असलेला असा भाग, जो आपले इंधन संपताच गळून पडतो आणि उरलेल्या यानाचे ओझे कमी करतो. १९५७ साली स्पुट्निक कक्षेत गेला, त्यानंतर जवळजवळ पाव शतक हे गळालेले भाग समुद्रात बुडाले, ओसाड प्रदेशांत आदळले किंवा वातावरणात जळून गेले, आणि अवकाशप्रवासाची ती अपरिहार्य किंमत आहे असेच सर्वत्र मानले गेले. १२ एप्रिल १९८१ रोजी अमेरिकेचे कोलंबिया हे स्पेस शटल उडाले आणि दोन दिवसांनी धावपट्टीवर उतरले, तेव्हा या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला.

तेव्हापासून चालत आलेल्या वादात दोन संज्ञा वारंवार येतात. यानाचा काही भाग किंवा संपूर्ण यान परत मिळवून पुढच्या उड्डाणात वापरणे म्हणजे पुनर्वापर. अवकाशविमान म्हणजे पंख असलेले, वातावरणात शिरल्यावर हवेच्या आधाराने तरंगत येणारे आणि विमानासारखे धावपट्टीवर उतरणारे यान. प्रत्येक अवकाशविमान पुनर्वापरासाठी असते, पण पुनर्वापरासाठी पंख लागतातच असे नाही, आणि आजचा खरा मतभेद याच ठिकाणी आहे.

आपल्याकडील शास्त्रग्रंथांत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुरत्या बळानिशी मांडायचे, मग त्याचे उत्तर द्यायचे आणि शेवटी सिद्धान्ताकडे यायचे, अशी पद्धत आहे. त्याच पद्धतीने येथे एक संवाद कल्पिला आहे. पूर्वपक्ष मांडणारे अभियंता विमानांच्या आराखड्यांत आयुष्य घालवलेले आणि पंखांवर श्रद्धा असलेले आहेत. उत्तरपक्ष मांडणारे प्राध्यापक अर्थशास्त्राचे असून सार्वजनिक पैशाचा विनियोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे.

अभियंता : मूळ अडचणीपासून आरंभ करणे योग्य ठरेल. पृथ्वीलगतच्या कक्षेत टिकून राहण्यासाठी यानाला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग लागतो, आणि तो गाठण्यासाठी उड्डाणाच्या वेळच्या वजनातील सुमारे नऊ-दशांश वाटा इंधन आणि ते जाळणारा ऑक्सिजन यांचाच असतो. आपल्या पीएसएलव्हीचे वजन ३२० टन भरते आणि तो ध्रुवीय कक्षेत पोहोचवतो पावणेदोन टनांच्या आसपासचा उपग्रह. जळून जाते ते इंधन तुलनेने स्वस्त असते. फेकले जातात ते इंजिनांचे पंप, झडपा, दिशादर्शक उपकरणे आणि संगणक, म्हणजे कुशल हातांनी महिनोन्‌महिने खपून घडवलेल्या वस्तू. ज्या यंत्रात सर्वांत महाग भाग सर्वांत आधी समुद्रात जातो, त्या यंत्राची रचनाच अपुरी मानली पाहिजे, आणि ती पूर्ण करण्याचा सर्वांत जुना, कसोटीला उतरलेला मार्ग म्हणजे पंख.

प्राध्यापक : कसोटीचा उल्लेख आपणच केलात, तेव्हा शटलची कसोटी पाहू. ३० वर्षांत त्याची १३५ उड्डाणे झाली. आखणीच्या काळात वर्षाला ५० किंवा त्याहूनही अधिक उड्डाणांची भाषा होत होती. प्रत्यक्षात १९८५ या सर्वांत गजबजलेल्या वर्षीही ९ च झाली. एकाच यानाची दोन उड्डाणे सर्वांत जवळ आली ती त्याच वर्षी, अटलांटिसच्या बाबतीत, आणि त्यांच्यातही ५४ दिवसांचे अंतर होते. यान धावपट्टीवर सुखरूप उतरत होते हे खरे, पण उतरल्यानंतर त्याच्याभोवती जी फौज उभी राहत असे, तिचा खर्च नव्या अग्निबाणाच्या खर्चाला मागे टाकत होता.

या फौजेचे काम नेमके काय होते, हे पाहण्यासाठी शटलच्या पोटावरील एकच फरशी हातात घेऊन पाहावी. वातावरणात परतताना होणाऱ्या प्रचंड उष्णतेपासून यानाचा ॲल्युमिनियमचा सांगाडा वाचवण्यासाठी त्यावर सिलिकाच्या तंतूंपासून केलेल्या फरशा बसवलेल्या असत. फरशीच्या घनफळाचा जवळजवळ नऊ-दशांश भाग पोकळ असल्यामुळे ती विलक्षण हलकी असे, आणि उष्णता तिच्यातून इतकी सावकाश वाहत असे की भट्टीतून काढलेला, आत अजून लालबुंद असलेला तुकडा कडांना धरून उघड्या हाताने उचलता येई. परंतु अशा २० हजारांहून अधिक फरशा प्रत्येक यानावर होत्या, यानाच्या वळणांमुळे त्यांचे आकार परस्परांहून वेगळे होते, आणि प्रत्येक फरशी नमद्याच्या पातळ गादीवर डिंकासारख्या सिलिकॉनने हाताने चिकटवावी लागे. त्या पाणी शोषून जड होऊ नयेत म्हणून उड्डाणानंतर प्रत्येक फरशीच्या बारीक छिद्रातून जलरोधक द्रव्य टोचावे लागे. उतरण्यापासून पुन्हा निघण्यापर्यंतचा काळ कशात जात होता, याचे उत्तर या एका छिद्रात मिळते.

अभियंता : फरशीबद्दलचे सगळे म्हणणे मान्य, परंतु तो दोष पंखांच्या माथी मारणे न्याय्य नाही. शटलचे पंख इतके मोठे आणि त्रिकोणी झाले, यामागे अमेरिकी हवाई दलाची एक अट होती. ध्रुवीय कक्षेत एकच फेरी मारून यान निघाल्या तळावर परतायचे, आणि त्या अवधीत पृथ्वी फिरून तळ दूर सरकलेला असल्यामुळे मार्गाच्या बाजूला सुमारे २,००० किलोमीटर सरकत येण्याची क्षमता हवी, अशी ती अट होती. तशी मोहीम कधी झालीच नाही. पंखांचे आणि फरशांचे ओझे मात्र प्रत्येक उड्डाणाने वाहिले. शिवाय यान टाकीच्या शेजारी बांधलेले असल्यामुळे वरून निसटलेली कोणतीही वस्तू त्याच्यावर आदळू शकत होती. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी टाकीवरच्या फेसाचा एक तुकडा कोलंबियाच्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला, तेथे पडलेल्या भगदाडातून १ फेब्रुवारीला तप्त वायू आत शिरले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. हा धडा रचनेचा आहे. पंख असलेले लहान यान अग्निबाणाच्या टोकावर बसवले तर हा धोका राहत नाही. अमेरिकेचे एक्स-३७बी हे मानवविरहित, जेमतेम ९ मीटर लांबीचे यान २०१० पासून याच पद्धतीने उडत आले आहे, आणि त्याची एक मोहीम ९०८ दिवस चालली.

प्राध्यापक : म्हणजे पंख लहान झाले, टोकावर गेले आणि त्यांना वर नेणारा अग्निबाण तसाच राहिला. येथेच दुसऱ्या मार्गाचा विचार करावा लागतो, कारण त्या मार्गाने पंखांवाचून काम साधले आहे. फाल्कन ९ या अग्निबाणाचा पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये प्रथमच जमिनीवर उभा उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पहिल्यांदा पुन्हा उडाला, आणि आता त्यातील काही टप्पे ३० हून अधिक वेळा उडाले आहेत. मार्च २०२५ मध्ये एकाच टप्प्याची दोन उड्डाणे ९ दिवसांच्या अंतराने झाली. ५४ आणि ९ या दोन आकड्यांतच सगळा वाद सामावलेला आहे.

हे उतरणे कसे घडते, तेही जवळून पाहण्याजोगे आहे. वरच्या टप्प्यापासून सुटल्यावर खालचा टप्पा हवा अगदी विरळ असतानाच उलट फिरतो, दाट हवेत शिरण्यापूर्वी काही इंजिने पुन्हा पेटवून वेग कमी करतो, जाळीदार पंखुड्यांनी दिशा सांभाळतो आणि शेवटी नऊपैकी बहुधा एकाच इंजिनाच्या बळावर खाली येतो. रिकामा झालेला टप्पा तोवर इतका हलका झालेला असतो, की ते एक इंजिन किमान जोरावर चालवले तरी त्याचा रेटा टप्प्याच्या वजनापेक्षा जास्त भरतो. त्यामुळे हेलिकॉप्टरसारखे अधांतरी थांबून सावकाश उतरण्याची सोय नसते. वेग शून्य होण्याचा क्षण आणि उंची शून्य होण्याचा क्षण एकच असावा लागतो. इंजिन किंचित लवकर पेटले तर टप्पा पुन्हा वर निघेल, किंचित उशिरा पेटले तर आदळेल. या कौशल्याची किंमत वजनात मोजावी लागते: परतीसाठी राखलेले इंधन आणि पाय यांमुळे वर नेता येणारा भार लक्षणीयरीत्या घटतो.

अभियंता : हे यश मोठेच आहे, पण ते अर्ध्या वाटेवरचे आहे, हे विसरता येत नाही. पहिला टप्पा सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला २ किलोमीटरच्या आसपास असतो, कक्षेतील यानाचा वेग त्याच्या जवळजवळ चौपट. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे कक्षेतून परतणाऱ्या यानाला प्रत्येक किलोमागे बारा-पंधरा पट ऊर्जा हवेत विसर्जित करावी लागते. त्यातून वरच्या टप्प्याचे वजन एका किलोने वाढले तर उपग्रहाचा एक किलो कमी होतो, खालच्या टप्प्यात तसे नसते. म्हणूनच फाल्कनचा दुसरा टप्पा आजही फेकलाच जातो. १२० मीटरहून उंच अशा स्टारशिप या अग्निबाणाचा खालचा टप्पा १३ ऑक्टोबर २०२४ रोजी मनोऱ्याच्या यांत्रिक हातांनी हवेतच पकडला, ते दृश्य थक्क करणारे होते. परंतु त्याच्या वरच्या यानालाही हजारो उष्णतारोधक फरशा लावाव्या लागल्याच. फरशांचा प्रश्न पंखांमुळे येत नाही, तो कक्षेच्या वेगामुळे येतो.

प्राध्यापक : हे म्हणणे बिनतोड आहे. तरीही त्यातून पंखांची आवश्यकता सिद्ध होत नाही.

अभियंता : ती सिद्ध होते हवेच्या दोन उपयोगांतून. अग्निबाण वाहून नेतो त्या वजनातील मोठा वाटा ऑक्सिजनचा असतो, आणि तो ज्या वातावरणातून वर चढतो त्यात ऑक्सिजन फुकट उपलब्ध असतो. तो ओढून घेणारे इंजिन असेल तर ओझे घटेल. आत शिरलेल्या हवेचा प्रवाह ध्वनीहून वेगवान ठेवूनच त्यात इंधन जाळणारे इंजिन म्हणजे स्क्रॅमजेट. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या छोट्या अग्निबाणावर ते ध्वनीच्या सहापट वेगाला ५ सेकंद चालवून दाखवले. हवेचा दुसरा उपयोग परतीच्या वेळचा. पंखांनी उचल मिळत असल्यामुळे यान लांब पल्ल्यावर हळूहळू वेग गमावते, आतील माणसाला किंवा नाजूक सामानाला बसणारे दडपण सौम्य राहते, आणि समुद्रात शोध घेण्याऐवजी ठरलेल्या धावपट्टीशेजारी डॉक्टर आणि प्रयोगशाळा सज्ज ठेवता येतात.

प्राध्यापक : दुसरा उपयोग मान्य करण्याजोगा आहे, पहिल्याबद्दल मात्र गणित आडवे येते. ध्वनीच्या सहापट वेग म्हणजे कक्षेच्या वेगाचा सुमारे चौथा हिस्सा, आणि ऊर्जेच्या मापाने सोळावा. तेवढ्यासाठी यानाला दाट हवेत अधिक काळ तापत राहावे लागते, स्क्रॅमजेट पेटण्याइतका वेग आधी दुसऱ्या कुठल्या तरी इंजिनाने द्यावा लागतो, आणि हवा संपली की ते इंजिन निव्वळ ओझे होऊन बसते. द्रवरूप ऑक्सिजन स्वस्त असतो आणि त्याची टाकी साधी असते. त्याची बचत करण्यासाठी महागडे यंत्र वाहून नेण्यात व्यवहार कोठे आहे? ब्रिटनमध्ये स्कायलॉन या अवकाशविमानासाठी तप्त हवा निमिषार्धात थंड करणारे यंत्र घडवले गेले आणि ते चाचणीत उतरलेही. तरी ते घडवणारी कंपनी २०२४ मध्ये आर्थिक अडचणीत बंद पडली. अमेरिकेचे एक्स-३३ २००१ मध्ये अर्ध्यावर सोडले गेले, आणि सोव्हिएत संघाचे बुरान १५ नोव्हेंबर १९८८ रोजी माणसावाचून उडून अचूक उतरले, पण पुन्हा कधी उडालेच नाही. तांत्रिक यश आणि चालू राहणारी व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथे वाद साहजिकच भारताकडे वळतो. इस्रोचे पंखवाले प्रायोगिक यान २३ मे २०१६ रोजी अग्निबाणाच्या टोकावरून सुमारे ६५ किलोमीटर उंचीवर गेले आणि बंगालच्या उपसागरावर कल्पिलेल्या धावपट्टीकडे झेपावत समुद्रात उतरले. पुढे पुष्पक हे नाव मिळालेल्या यानाच्या उतरण्याच्या तीन चाचण्या कर्नाटकात चित्रदुर्गजवळ झाल्या. पहिल्या चाचणीत, २ एप्रिल २०२३ रोजी, हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडले. तिसऱ्या चाचणीत, २३ जून २०२४ रोजी, ते मुद्दाम धावपट्टीच्या मध्यरेषेपासून ५०० मीटर बाजूला सोडण्यात आले, तरी यानाने स्वतःच मार्ग सुधारला, ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीला स्पर्श केला आणि छत्री उघडून वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत खाली आणला. मार्चमधील दुसऱ्या चाचणीत वापरलेले शरीर आणि उपकरणेच या वेळी वापरली होती, आणि या वादाच्या दृष्टीने ती बाब वेगाच्या आकड्याइतकीच मोलाची आहे.

प्राध्यापक : चाचण्या अभिमानास्पद आहेत, परंतु पुनर्वापराचा लाभ उड्डाणांच्या संख्येवर अवलंबून असतो. समजा, एका टप्प्याची किंमत १०० एकक आणि प्रत्येक पुनर्सिद्धतेचा खर्च १० एकक आहे. १० उड्डाणांत प्रत्येकाचा वाटा १९ वर येतो, २० उड्डाणांत साडेचौदावर. पण वर्षाला दोनच उड्डाणे असतील, तर ती १० उड्डाणे व्हायला पाच वर्षे लागतील, आणि तोवर कारखाना, कारागीर व तपासनीस बसून राहिले तरी त्यांचे वेतन थांबणार नाही. भारताची वार्षिक उड्डाणे आजवर एकआकडीच राहिली आहेत. फाल्कनची २०२४ मधील उड्डाणे १३० हून अधिक झाली, कारण त्यातील मोठा वाटा त्याच कंपनीच्या इंटरनेट उपग्रहांचा होता. इस्रोच्या अग्निबाणांची विकास नावाची इंजिने विक्रोळीच्या कारखान्यात तयार होतात; इंजिने परत येऊ लागली तर अशा कारखान्यांना नव्या मागण्या कमी मिळतील. त्या कारागिरांचे कसब टिकवण्याची योजना आधी हवी.

अभियंता : ते कसब वाया जात नाही, त्याचे काम बदलते, जो हात झडप बसवतो, तोच वापरलेल्या झडपेतील दोष सर्वांत आधी ओळखतो. दिशा ठरलेली आहे, हेही लक्षात घ्यावे. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या पिढीच्या प्रक्षेपकासाठी ८,२४० कोटी रुपये मंजूर केले. तो पृथ्वीलगतच्या कक्षेत ३० टनांपर्यंत भार नेईल आणि त्याचा पहिला टप्पा परत येईल अशी आखणी आहे. जानेवारी २०२५ मध्ये महेंद्रगिरीला विकास इंजिन ६० सेकंद चालवून बंद केले, १२० सेकंदांनी पुन्हा पेटवून ७ सेकंद चालवले. उभ्याने उतरण्यासाठी आधी हेच साधावे लागते.

आणि हिशेबात न धरलेला एक खर्चही आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकताना लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे माणसाच्या उंचीहून मोठ्या व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. तो चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचा अवशेष असल्याचा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला. २०२३ मध्ये पीएसएलव्हीच्या टप्प्याचा भाग ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागला. टाकून दिलेली वस्तू कुठे तरी, कुणाच्या तरी गावात पडते. लाडबोरीनंतर बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, पुष्पक ठरलेल्या धावपट्टीवर उतरले. यानाने कुठे उतरायचे हे त्याला वर पाठवणाऱ्याने ठरवले पाहिजे, हा जबाबदारीचा भाग कोणत्याही बेरजेहून मोठा आहे.

प्राध्यापक : हा खर्च ताळेबंदात मांडला जात नव्हता, हे कबूल करावे लागेल. तो मांडला, तर वरचा टप्पा परत आणण्याच्या बाजूने पारडे निश्चित झुकते.

या ठिकाणी दोन्ही पक्षांत मतभेद उरतो तो आकाराविषयी, आणि सिद्धान्ताची दिशा तेथूनच दिसते. पहिल्या टप्प्याचे काम मध्यम वेगापाशी संपत असल्यामुळे त्याला पंखांची गरज नाही. तो उभा उतरावा, हे अनुभवाने ठरले आहे. कक्षेतून माणसे, जैविक नमुने किंवा नाजूक उपकरणे परत आणायची असतील तेथे लहान, टोकावर बसवलेल्या पंखवाल्या यानाला खरी जागा आहे, आणि पुष्पकच्या चाचण्यांचे मोल तेथे आहे. मात्र कक्षेच्या वेगाने परतून धावपट्टी गाठण्याची त्याची परीक्षा अजून व्हायची आहे. हवा ओढणारी इंजिने संशोधनात अवश्य राहावीत, परंतु नजीकच्या काळातील प्रक्षेपणाची भिस्त त्यांच्यावर ठेवता येणार नाही.

तथापि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पुनर्वापर हा गुण यानाच्या आकारात शोधून सापडत नाही. शटल परत येत होते, तरी त्याचा पुनर्वापर अपेक्षेइतका साधला नाही, कारण तो गुण जमिनीवर, उतरलेले यान पुन्हा निघेपर्यंतच्या दिवसांत आणि त्या दिवसांत राबणाऱ्या हातांत असतो. म्हणून भारतातील अवकाशविमानाचा किंवा नव्या प्रक्षेपकाचा आराखडा रेखाटताना कागदावर सर्वांत आधी तपासनिसाला जागा दिली पाहिजे: त्याचा हात कोणत्या जोडापर्यंत पोहोचतो, कोणता भाग न उघडता तपासता येतो, कोणती फरशी एकसारख्या आकाराची करून कोठारातून सहज आणता येते. पुष्पकच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या चाचणीत तीन महिन्यांचे अंतर होते. ते अंतर महिन्यांवरून आठवड्यांवर आणि आठवड्यांवरून दिवसांवर आणण्यासाठी जो विचार, पैसा आणि शिस्त लागेल, ती उभारणे हेच पुढील दशकाचे खरे काम आहे.